सुट्टी संपली, टेबल मोकळं झालं

काल तुळशीचं लग्न लागलं. रात्रीच आकाशकंदील उतरवला, दिव्यांच्या माळा गुंडाळून माळ्यावर टाकल्या आणि आज पहाटे पाचला मी माझ्या टेबलाशी जाऊन बसले. गेले तीन आठवडे त्याच्यावर फराळाचे डबे होते. आता फक्त चिवड्याचा एक डबा उरलाय, तो ओट्यावर गेला. टेबल पुसलं, वही उघडली.

दिवाळीआधी जिथे थांबले होते ते पान उघडलं. गोष्टीतलं वाक्य अर्धवट सोडलेलं, आणि त्याच्या खाली माझ्याच अक्षरात यादी: हरभरा डाळ, भाजके पोहे, खसखस, डालडा नको तूप. पानाच्या कोपऱ्याला तुपाचा डाग. त्या पानाकडे मी बराच वेळ बघत बसले. गोष्टीतली बाई दारात चप्पल घालत होती, ती कुठे निघाली होती ते मला काही केल्या आठवेना.

ऑफिसमधल्या एका मैत्रिणीने परवा विचारलं, "काय गं, सुट्टीत भरपूर लिहून झालं असेल ना?" तिने प्रेमानेच विचारलं होतं. पण खरं उत्तर असं आहे की एक ओळसुद्धा झाली नाही. आणि ते आळसामुळे नाही.

घरातल्या बाईची दिवाळी वसुबारसेच्या कितीतरी आधी सुरू होते. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजतात, त्यांचं पाणी रोज बदलायचं असतं. मग ते निथळून, कुटून, चाळून गुळात मळायचे आणि मुरत ठेवायचे. चकलीच्या भाजणीत प्रत्येक धान्य वेगळं भाजायचं, कारण तांदळाला लागते ती आच उडदाच्या डाळीला चालत नाही. यंदा पहिला अनारसा तुपात टाकला आणि तो हसला. पार विरघळून कढईभर पसरला. तूप गाळून घेतलं, पिठात थोडी कोरडी पिठी मिसळली, पुन्हा खसखशीवर थापला. तिसऱ्याला जाळी पडली तेव्हा मला मनापासून आनंद झाला. हे काम मला आवडतं. पण त्याला सुट्टी म्हणू नका. ती सुट्टी बाहेरच्या खोलीत असते.

बाहेरच्या खोलीत पाहुणे दिवाळी अंक वाचत होते. त्यातल्या एका अंकात माझी गोष्ट आहे. का. र. मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी माणसाच्या फराळाच्या ताटाशेजारी अंक असतो, आणि हे आपलं फार मोठं वैभव आहे असं मला मनापासून वाटतं. पण त्यातला मजकूर सणात लिहिलेला नसतो. तो उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात लिहिला जातो, साध्या सोमवार-मंगळवारी. माझी ती गोष्ट मे ते जुलै या काळात झाली, पहाटे पाच ते सहा. सहानंतर कुकर, डबे आणि डोंबिवलीहून आठ-बाराची फास्ट. भर पावसात, खिडकीतून पाणी आत येत असताना शेवटचं पान लिहिलं. अंक हातात आला तेव्हा मी चकल्या तळत होते. माझं छापलेलं नाव मी दुसऱ्या दिवशी पाहिलं.

हे सगळं मी आईंशी बोलले. आई म्हणजे माझ्या सासूबाई. त्या जुन्नरकडच्या. लग्नानंतरची पहिली काही वर्षं, गावात गिरणी येईपर्यंत, त्यांनी जात्यावर दळलंय. माझं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "दळायला बसलं ना, की कुणी हाळी देत नव्हतं बघ. पीठ सगळ्यांनाच लागायचं. तेवढा वेळ आपला."

तेवढा वेळ आपला. मी हातातलं काम थांबवून त्यांच्याकडे बघत राहिले. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. भावाची वाट, मुलीचं सासर, नवऱ्याचं वागणं, विठ्ठलाशी भांडण, सगळं त्यात आहे. हा एवढा मोठा ठेवा बायकांना रिकामा वेळ मिळाला म्हणून तयार झालेला नाही. रोजचं दळण होतं, अंधारातली ठरलेली वेळ होती, आणि त्या वेळात कुणी हाक मारत नव्हतं. जातं जड होतं, हात सोलून निघायचे. त्या कष्टांचं कौतुक मला करायचं नाही. मला फक्त ती हाक न येणारी वेळ हवी आहे.

म्हणून रोजचं रुटीन सुरू झालं की बाकीच्यांचा चेहरा उतरतो आणि माझा जीव भांड्यात पडतो. लिहिणाऱ्या माणसाला मोकळा दिवस नको असतो, ठरलेला तास हवा असतो. तो तास सणासुदीत सगळ्यात आधी जातो, आणि बाईचा असेल तर तो गेल्याचं कुणाच्या लक्षातही येत नाही. पुढच्या दिवाळीत फराळ होईलच, अनारसेही होतील. पण भाजणी नवरा भाजेल आणि किराणा लेक आणेल, हे मी दोघांनाही सांगून टाकलंय. पाच ते सहा मी टेबलाशी असेन, अगदी लक्ष्मीपूजनाच्या दिवशीसुद्धा. नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नानामुळे सूट.

आज तासाभरात चारच ओळी झाल्या. गोष्टीतल्या बाईने चप्पल घातली, जिना उतरली. कुठे जातेय ते अजून कळलं नाही, पण उद्या कळेल. साडेपाचला दूधवाल्याने बेल वाजवली. मी सवयीने उठणार, तेवढ्यात आतून आईंच्या चपलांचा आवाज आला. त्यांनी दार उघडलं, पिशवी घेतली, आणि माझ्या खोलीचं दार हळूच ओढून घेतलं.