दादा, फोटो सिस्टरनेच काढू दे

कराडचे थोरले चुलतभाऊ, आमचे दादा, परवा फोनवर चिडून म्हणाले, "आता म्हणे मधुमेह्यांच्या डोळ्यांचे फोटो सिस्टर काढणार आणि रोग आहे की नाही ते कॉम्प्युटर सांगणार. गरिबांवर प्रयोग आहेत हे. तुमच्या तिकडे चालेल का असलं?"

चालतं, दादा. मलाही साखर आहे. ग्लासगोत इतक्या वर्षांत माझ्या डोळ्यांचा फोटो एकदाही डॉक्टरने काढलेला नाही. पत्र येतं, मी जाते, हनुवटी टेकवते, लख्खकन उजेड पडतो, की परत बसमध्ये. मधुमेहाने डोळ्याच्या आतला पडदा बिघडतो, त्या पडद्याचे फोटो आधी संगणकच चाळतो. स्वच्छ असतील तर पुढे माणूस ते बघतही नाही. काही खटकलं तरच ग्रेडर, म्हणजे फोटो तपासणारा प्रशिक्षित माणूस, मग डॉक्टर, लागलं तर ओसीटी. प्रकाशाच्या परावर्तनावरून पडद्याचे थर उलगडून दाखवणारं हे तंत्र १९९१ साली जगापुढे आलं.

इंग्लंडमध्येही १२ वर्षं आणि त्यावरच्या मधुमेह्यांना असंच बोलावतात. इंग्लंड-वेल्समध्ये कमावत्या वयात दृष्टी जाण्याचं पहिलं कारण पन्नास वर्षं मधुमेह होता. २००९-१०च्या नोंदींत तो पहिला राहिला नाही. अभ्यासकांनी कारणं मांडताना या तपासणीचंही नाव घेतलं.

आणि प्रयोग? गूगलच्या २०१६च्या संगणकाला हा रोग ओळखायला शिकवलं त्यात मदुराईच्या अरविंद आणि चेन्नईच्या शंकर नेत्रालयातल्या रुग्णांचे फोटो होते. आपल्या लोकांच्या डोळ्यांवर शिकलेलं यंत्र आपल्याच खेड्यात का नको?

"तिथे बसून बोलणं सोपं आहे," दादा म्हणाले.

ते मला लागलं, कारण खरं आहे. दर रविवारी मी आईला विचारायचे, साखर किती, गोळ्या घेतल्यास का? "धुरकट दिसतंय गं," ती म्हणायची. "चष्म्याचा नंबर बदलला असेल," मी म्हणायचे. मला इथे पत्रं येत होती त्याच वर्षांत तिच्या पडद्यात रक्तस्राव होत होता. माझ्या पत्रांवरून मला तिचे डोळे एकदाही आठवले नाहीत. मी ग्लुकोमीटर पाठवला. इंजेक्शनांसाठी तिला पुण्याला दादाच नेतात, पहाटेच्या एसटीने. व्हिडिओवर ती आता मला आवाजावरून ओळखते.

तेव्हा मला बोलायचा हक्क नसेलही. पण दादा, वहिनींना सहा वर्षांपासून साखर आहे. त्या सिस्टरकडे त्यांना या आठवड्यात घेऊन जा.