आकडे आम्ही फिरवत नाही, मॅडम

नमस्कार मॅडम,

तुमच्या फेसबुक-गूगलवरच्या जाहिरातींचे आकडे गोळा करून आम्ही जो रोजचा रिपोर्ट देतो, त्याबद्दलची तुमची तक्रार वाचली. तुम्हाला झालेल्या मनस्तापाबद्दल दिलगिरी. सोमवारी मीटिंगला बसल्यावर रिपोर्टमध्ये फेसबुकच्या रकान्यात शून्य दिसलं तर कुणाचंही डोकं फिरेल, हे मला समजतं. "महिना ४,५०० घेतात, त्यापेक्षा कॉपी-पेस्टला एक मुलगा ठेवला असता" हेही मी मुकाट्याने ऐकून घेतलं असतं. पण त्यापुढे तुम्ही लिहिलंय, "गुरुवारची विक्री शुक्रवारच्या रिपोर्टमध्ये ११, सोमवारच्या रिपोर्टमध्ये १६. म्हणजे मागून हाताने फिरवतात." ते मात्र जिव्हारी लागलं. आम्ही तिघंजण मिळून हा धंदा चालवतो. त्या आकड्यांवरचा विश्वास गेला तर आमच्याकडे विकायला दुसरं काही नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

समजा, गुरुवारी एका बाईंनी इन्स्टाग्रामवर तुमच्या जाहिरातीवर क्लिक केलं, साडी कार्टमध्ये टाकली, घरी दोघींना दाखवली आणि शुक्रवारी ऑर्डर दिली. मेटा, म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामची कंपनी, ही विक्री गुरुवारच्या खात्यात टाकतं, कारण क्लिक गुरुवारचं. विक्री जाहिरातीच्या नावावर धरण्याची त्यांची नेहमीची मुदत क्लिकनंतर ७ दिवस आणि जाहिरात नुसती पाहिली असेल तर १ दिवस अशी असते. गूगल ॲड्स, म्हणजे गूगलवरच्या जाहिरातींचं खातं, तेही क्लिकचीच तारीख धरतं आणि तिथे ही मुदत सहसा ३० दिवसांची असते. वेबसाइटवरच्या ऑर्डरी मोजणारं गूगल ॲनालिटिक्स मात्र तीच ऑर्डर शुक्रवारी मांडतं. शिवाय त्यांचे आकडे पक्के व्हायला २४ ते ४८ तास लागू शकतात, हे गूगलनेच लिहून ठेवलंय. तेव्हा रविवारचा पक्का हिशोब सोमवारी सकाळी आठला माझ्याकडे मागून काय होणार? तो अजून गूगलकडेच तयार नसतो.

म्हणूनच आमची स्क्रिप्ट (आकडे आपोआप आणणारा प्रोग्रॅम) रोज पहाटे फक्त कालचे नाही, तर मागच्या ३० दिवसांचे आकडे पुन्हा ओढते आणि जुन्या ओळींवर नवे लिहिते. त्यात कुणाचा हात लागत नाही. ११ चे १६ असेच झाले. तुमचा तो मुलगा शुक्रवारी ११ लिहून मोकळा झाला असता आणि ते ११ जन्मभर ११ राहिले असते. तुम्हाला ते पक्के वाटले असते. आणि ज्या जाहिरातीने मागाहून पाच साड्या विकल्या, तिचंच बजेट तुम्ही कमी केलं असतं.

बँकेतल्या जमेशी आकडे जुळत नाहीत, हेही तुम्ही लिहिलंय. कॅश ऑन डिलिव्हरीची ऑर्डर वेबसाइटवर पडली की जाहिरातीच्या खात्यात विक्री म्हणून नोंदली जाते. पुढे पार्सल परत आलं तर त्याचा तिथे पत्ता नसतो. खर्चाचंही तेच. ॲड्स मॅनेजरमधल्या, म्हणजे फेसबुकच्या जाहिरातींच्या पानावरच्या, खर्चात जीएसटी धरलेला नसतो, बिलात १८ टक्के लागून येतो. काम सुरू करण्याआधीच्या कॉलवर मी हे बोललो होतो, पण तेव्हा तुमचा दुसरा फोन चालू होता. असो.

आता ते शून्य. शनिवारी रात्री तुमच्याकडच्या कुणीतरी फेसबुकचा पासवर्ड बदलला. पासवर्ड बदलला की आमच्या स्क्रिप्टला दिलेली परवानगी फेसबुक आपोआप रद्द करतं, आणि ते बरोबरच आहे. याच कारणासाठी मी सुरुवातीला बिझनेस मॅनेजरमधून (फेसबुकवरचं धंद्याचं खातं) सिस्टिम युजरची, म्हणजे माणसाऐवजी प्रोग्रॅमच्या नावाने असलेली, परवानगी मागितली होती, कारण ती कुणाच्या व्यक्तिगत पासवर्डवर अवलंबून नसते. "एवढा ॲक्सेस बाहेरच्यांना देणार नाही" असं उत्तर मिळालं. तुमचा निर्णय, मान्य. पण मग घराचं कुलूप बदलायचं आणि दूधवाला आत आला नाही म्हणून बोल लावायचा, हे बरं नाही. रविवारी सकाळी परवानगी तुटल्याचा मेल आपोआप तुमच्याकडे गेलेला आहे. रात्री ११ वाजता तुमचा फोन आला तेव्हा मी झोपलो होतो, एवढं खरं.

तुमच्या व्यवसायाचं नाव मी इथे घेतलेलं नाही, घेणारही नाही. तुम्ही मात्र त्या रिपोर्टचा स्क्रीनशॉट व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर टाकलात. या आठवड्यात आमच्याशी करार करणार होते ते गृहस्थ आता "बघू नंतर" म्हणतायत. तुम्हाला कदाचित याची कल्पनाही नसेल.

सुधारणा चालू आहेत. परवानगी तुटली असेल तर शून्याऐवजी "आकडे आलेले नाहीत" असं दिसेल, ते लवकरच होईल. ताजे, अजून बदलू शकणारे आकडे वेगळ्या रंगात दाखवता येतात का तेही बघतोय. फोनच्या वेळांचंही काहीतरी ठरवू.

तुमचे शनिवार-रविवारचे आकडे कुठेही गेलेले नाहीत, फेसबुककडेच आहेत. परवानगी पुन्हा मिळाली की दुसऱ्या दिवशी पहाटे ते रिपोर्टमध्ये येतील. त्यासाठी एका लिंकवर जाऊन बटण दाबायचं आहे. ती लिंक रविवारच्या त्याच मेलमध्ये आहे, आणि हे लिहीपर्यंत तरी ती कुणी उघडलेली नाही.