पाटी बदलली, खिडकी तीच
नैरोबीत नोकरी करणाऱ्या माझ्यासारख्याच्या एकूण पगारातून दरमहा २.७५ टक्के रक्कम आरोग्यविम्यासाठी कापली जाते, आणि तरीही परवा तापाने फणफणलेल्या मुलीला मांडीवर घेऊन एका छोट्या खासगी दवाखान्यात पाऊण तास बसल्यावर, बोटाचे ठसे घेणारे यंत्र चालत नसल्याने रोख भरा, असे मला निर्विकारपणे सांगण्यात आले. अंगठा रुमालाला पुसून पुसून लाल झाला होता. ते यंत्र त्या दवाखान्याचेच बिघडले असेल, हेही मी मान्य करतो. पण दाद कोणाकडे मागायची, हे शोधायला बसलो आणि माझा ताप मुलीपेक्षा वाढला.

केनियाचा राष्ट्रीय रुग्णालय विमा निधी १९६६ मध्ये आरोग्य मंत्रालयाचा विभाग म्हणून सुरू झाला, १९९८ च्या कायद्याने त्याला स्वतंत्र मंडळ मिळाले, आणि २०२३ च्या कायद्याने तो गुंडाळून १ ऑक्टोबर २०२४ पासून त्याच्या जागी सामाजिक आरोग्य प्राधिकरण आणले गेले. एका निधीचे तीन निधी झाले, मंडळ नवे झाले. मात्र त्या मंडळाचा अध्यक्ष पूर्वीप्रमाणेच राष्ट्राध्यक्ष नेमतात. जुन्या निधीने रुग्णालयांचे सुमारे ३० अब्ज शिलिंग थकवले होते, ते ओझे मागे उरलेच. जुलै २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने २०२३ चा हा कायदा आणि त्यासोबतचे कायदे घटनाबाह्य ठरवले, अपील न्यायालयाने सप्टेंबरमध्ये त्या निकालाला स्थगिती दिली, आणि गाडी तशीच पुढे रेटली गेली.

सर्वांत संताप येतो तो या नव्या प्राधिकरणाच्या संगणक प्रणालीचा. महालेखापरीक्षक नॅन्सी गाथुंगू यांच्या २०२५ मध्ये समोर आलेल्या अहवालाने दाखवून दिले, की १०४.८ अब्ज शिलिंगांच्या या प्रणालीची मालकी सरकारकडे नाहीच! पूर्वी कितीही पगार असला तरी महिन्याला १,७०० शिलिंगांपेक्षा जास्त कापले जात नसत. आता कमाल मर्यादाच नाही, म्हणजे दोन लाख कमावणाऱ्याचे ५,५०० जातात. पैसे आमचे, आणि ज्यावर सारा कारभार चालतो ती प्रणाली मात्र परक्याची, याला कारभार म्हणायचे की घर विकून भाड्याने राहणे?

आमच्या गल्लीतल्या ‘मामा’ची, म्हणजे भाजीवाल्या बाईची, गत तर आणखी वाईट आहे. तिच्या घराचे छप्पर कशाचे, शौचालय कसले, असल्या प्रश्नांवरून तिचे उत्पन्न ठरवले गेले, आणि रोजच्या टोमॅटोंवर पोट असलेल्या त्या बाईला वर्षाचा हप्ता एकदम भरायला सांगितले गेले. नंतर त्यासाठी कर्जाची सोय निघाली, तिचे नाव ‘पोले पोले’, म्हणजे हळूहळू. नाव ठेवणाऱ्याच्या विनोदबुद्धीला दाद दिली पाहिजे.

माझी रोख भरल्याची पावती पाकिटात आहे. ती घेऊन कुठे जायचे, असे मी खिडकीवरच्या माणसाला विचारले, तेव्हा त्याने पुढच्या माणसाला हाक मारली.