‘पथ्य पाळलं की बँडला काही होत नाही’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

तुमची प्रतिक्रिया रागाने लिहिलेली आहे, पण मनापासून लिहिलेली आहे. म्हणून दोन ओळींत आभार मानून मोकळं व्हायचं नाही, असं ठरवलं.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. वजन कमी करण्यासाठी जठरावर बँड बसवल्यानंतर पुढे काय काय बिघडू शकतं, यावर मी मागच्या महिन्यात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत की तुम्ही मेलबर्नला राहता, २००९ मध्ये बँड बसवलात, ३४ किलो वजन उतरलं, मधुमेहाच्या गोळ्या सुटल्या. तुमच्या मते त्रास होतो तो पथ्य न पाळणाऱ्यांना, आणि ते खापर बँडवर फोडतात. पित्ताशयाच्या ऑपरेशनातही गुंतागुंत होते, त्यावर कोणी असं लिहीत नाही. आणि असे लेख वाचून जाड माणसं, जी आधीच घरीदारी बोलणी खातात, ऑपरेशनच्या वाटेलाच जाणार नाहीत.

तुम्हाला झालेला फायदा खरा आहे आणि तो अपवादही नाही. तुमच्याच मेलबर्नमध्ये डिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नुकताच मधुमेह निघालेल्या ६० जणांचा अभ्यास केला होता, तो २००८ मध्ये छापून आला. दोन वर्षांनी बँडवाल्यांपैकी ७३ टक्के लोकांचा मधुमेह आटोक्यात येऊन गोळ्यांशिवाय राहिला होता. नुसत्या आहार-व्यायाम-औषधांवर असलेल्यांत हे प्रमाण १३ टक्के होतं. ऑपरेशनच्या टेबलावर जिवाला धोका म्हणाल, तर वजनाच्या सगळ्या शस्त्रक्रियांत तो बँडमध्ये सर्वांत कमी. जठर कापायचं नाही, आतडं जोडायचं नाही. हे मी नाकारलेलं नाही आणि नाकारणारही नाही.

माझा आक्षेप तुमच्या एकाच वाक्यावर आहे : ‘त्रास होतो तो पथ्य न पाळणाऱ्यांना.’

मी क्ष-किरण विभागात काम करते. बँडवाल्या रुग्णाला बेरियम, म्हणजे एक्स-रेत उठून दिसणारं औषध, पाजून ते घशाखाली कसं उतरतं, हे पडद्यावर बघणं माझ्या कामाचा भाग आहे. तिथे जे दिसतं त्याचा ताटात काय वाढलं होतं याच्याशी संबंध किती थोडा असतो, ते सांगते.

बँड म्हणजे सिलिकॉनचं कडं. अन्ननलिका जिथे जठराला मिळते त्याच्या जरा खाली ते बसवतात. वर छोटीशी पिशवी राहते, खाली बाकीचं जठर. कड्याच्या आतल्या बाजूला फुग्यासारखा कप्पा असतो, त्याला जोडलेली बारीक नळी पोटाच्या कातडीखालच्या पोर्टपर्यंत, म्हणजे सुई टोचायच्या छोट्या डबीपर्यंत, येते. पोर्टमध्ये सुई घालून सलाईन भरलं की कडं आवळतं, काढलं की सैल होतं. म्हणजे आत कायमची राहणारी एक यंत्रणा आहे आणि ती रोज हलणाऱ्या, आकसणाऱ्या, ताणल्या जाणाऱ्या अवयवाभोवती आहे. पित्ताशय काढलं की काढलं, ते पोटात मागे राहून दहा वर्षांनी सरकत नाही. तुमची तुलना मला इथे पटत नाही.

आता ‘सरकणं’ घ्या. जठराचा खालचा भाग कड्यातून वर चढतो, वरची पिशवी मोठी होते. साध्या एक्स-रेत नीट बसलेला बँड डाव्या खांद्याच्या दिशेने तिरपा दिसतो, कण्याशी साधारण ४ ते ५८ अंशांचा कोन करतो आणि कड्याची कडच दिसते. सरकलेला बँड आडवा होतो, कधी तर कड्याचा पूर्ण गोल समोर उघडा दिसतो. हे पथ्य मोडल्याने होतं? मेलबर्नच्याच ओब्रायन यांच्या पथकाने १९९४ ते २०११ या काळातल्या ३२२७ रुग्णांचा हिशेब मांडला. वरची पिशवी मोठी झाली म्हणून पुन्हा ऑपरेशन करावं लागण्याचं प्रमाण पहिल्या दहा वर्षांत ४० टक्के होतं, शेवटच्या पाच वर्षांत ते ६.४ टक्क्यांवर आलं. नंतरच्या रुग्णांना ऑपरेशन होऊन दिवसही कमी झाले होते, हे धरूनसुद्धा फरक मोठा आहे. या काळात मेलबर्नचे रुग्ण अचानक शिस्तीचे झाले नव्हते. बदललं होतं ते बँड बसवण्याचं तंत्र. त्याच हिशेबात पोर्ट आणि नळीच्या बिघाडासाठी २१ टक्के रुग्णांना दुरुस्ती करून घ्यावी लागली. नळीला चीर गेली, पोर्ट उलटं झालं, यात रुग्णाने काय खाल्लं याचा प्रश्नच कुठे येतो?

ज्याने मला मागचा लेख लिहायला लावला तो त्रास मात्र याहून गुपचूप येतो. कडं हळूहळू जठराची भिंत झिजवत आत शिरतं. भिंत त्याच्याभोवती बुजत जाते, त्यामुळे बहुतेकदा पोट एकदम दुखत नाही, ताप येत नाही. फक्त भूक परत येते. दोन घासांत भरणारं पोट चार घासांत भरेनासं होतं, वजन चढायला लागतं. कधी बऱ्याच वर्षांनी पोर्टच्या जागी कातडी लाल होऊन पू येतो आणि सगळे अँटिबायोटिकवर अँटिबायोटिक देत राहतात. एंडोस्कोपी केली की जठराच्या आत पांढरं कडं समोर दिसतं. पण तोवर त्या माणसाने किती ऐकलेलं असतं! ‘एवढं ऑपरेशन केलं, तरी तोंडावर ताबा नाही.’ तो स्वतःही तेच म्हणत असतो आणि म्हणूनच डॉक्टरकडे जात नाही.

बँड जास्त आवळला गेला असेल तर याच्या अगदी विरुद्ध तऱ्हा. भाकरी अडकते, भाताचा गोळा अडकतो, चिकन तर उतरतच नाही. श्रीखंड, आइस्क्रीम, बिस्किट चहात बुडवून, हे सुरळीत उतरतं. माणूस जे उतरतं ते खातो. वजन वाढलं की आपण म्हणतो, बघा, गोड सुटत नाही. त्याला गोडाची हाव नसते, बँड सैल करून घ्यायची गरज असते. असंच वर्षानुवर्षं आवळलेलं राहिलं तर अन्ननलिका फुगत जाते. रात्री आडवं झालं की खोकला, सकाळी उशीला ओल. याला दमा समजून पंप घेणारे लोक मी पाहिले आहेत. वेळेवर सलाईन काढलं तर अन्ननलिका बहुधा पूर्ववत होते, उशीर केला तर ती खात्री राहत नाही.

तुम्ही आकडे मागितलेत, तेही देते. ब्रुसेल्सच्या हिम्पेन्स यांनी १९९४ ते १९९७ मध्ये बँड बसवलेल्यांना बारा-तेरा वर्षांनी गाठलं. १५१ पैकी ८२ जण सापडले. त्यांतल्या ३९ टक्क्यांना मोठी गुंतागुंत झाली होती आणि जेमतेम निम्म्यांच्या पोटात बँड उरला होता. अमेरिकेत मेडिकेअर या मुख्यतः वयस्करांसाठीच्या सरकारी विमा योजनेतल्या २५,०४२ रुग्णांपैकी १८.५ टक्क्यांना बँडसाठी पुन्हा टेबलावर जावं लागलं, आणि ज्यांना जावं लागलं त्यांच्या वाट्याला सरासरी ३.८ शस्त्रक्रिया आल्या. इतके सगळे लोक बेशिस्त असतील, हे मला खरं वाटत नाही.

‘पथ्य पाळलं की काही होत नाही’ या वाक्याने कोणाचं नुकसान होतं, तेही सांगते. लग्नसराईत परदेशातून आलेल्या पन्नाशीच्या एका बाई आमच्याकडे आल्या. चार दिवस उलट्या, पाणीसुद्धा ठरत नव्हतं. घरच्यांना वाटलं जेवण बाधलं. जवळच्या दवाखान्यात पित्ताच्या गोळ्या आणि उलटीचं इंजेक्शन झालं. बँडबद्दल त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. सासरी तर नाहीच, डॉक्टरांनाही नाही, कारण पंगतीत जिलबी खाल्ली होती आणि आपलंच चुकलं अशी त्यांची खात्री होती. एक्स-रे काढला तेव्हा आम्हाला कडं दिसलं, आडवं झालेलं. सलाईन काढल्यावर थोड्या वेळातच घोटभर पाणी खाली उतरलं. आणखी उशीर झाला असता तर वर अडकलेल्या जठराचा रक्तपुरवठा तुटून तो भाग सडू शकला असता. असं होतं हे पुस्तकात आहे आणि प्रत्यक्षातही आहे. त्यांना गप्प ठेवलं ते या समजुतीने. माझ्या लेखाने लोक घाबरतील याची तुम्हाला काळजी आहे. मला काळजी आहे ती लाजेने घरी बसणाऱ्यांची.

जाड माणसांनी ऑपरेशन करू नये असं मी कुठेही लिहिलेलं नाही. आज बहुतेक ठिकाणी स्लीव्ह (जठराचा मोठा भाग कापून काढणं) किंवा जठराचं बायपास (छोटी पिशवी करून ती थेट आतड्याला जोडणं) होते, बँड मागे पडला आहे. पण तुमच्यासारखे, दहा-पंधरा वर्षांपूर्वी बसवलेले बँड घेऊन जगणारे लोक खूप आहेत आणि सुट्टीत ते पुण्या-मुंबईला, नाशिकला येतात. इथल्या फॅमिली डॉक्टरने बँड कधी पाहिलेला नसण्याची शक्यता मोठी.

तुम्ही लिहिलंत, ‘गेली सहा वर्षं कोणाला दाखवायचीही गरज पडली नाही.’ ताई, हे वाचून मी थांबले. त्रास नसला तरी दाखवा. एक साधा एक्स-रे आणि बेरियम, एवढ्याने बरंच कळतं. डिसेंबरमध्ये इकडे येणार आहात, तर त्याआधी तिकडेच करून घ्या. बँडची कंपनी, बसवल्याची तारीख, आत किती मिलिलिटर सलाईन आहे आणि पोर्ट नेमकं कुठे आहे, हे एका कागदावर लिहून पासपोर्टबरोबर ठेवा. निदान एका नातेवाइकाला सांगून ठेवा.

इथे असताना उलट्या सुरू झाल्या, पाणी उतरेना किंवा पोटात कळ आली, तर पित्ताची गोळी घेऊन वाट बघू नका. मोठ्या रुग्णालयात जाऊन पहिलं वाक्य ‘मला बँड आहे, तो रिकामा करा’ हे म्हणा. पोर्टला ह्युबर नावाची खास सुई लागते. साध्या सुईने त्याचा पडदा खराब होऊ शकतो. शल्यविभागात ती नसेल तर कर्करोग विभागात विचारायला सांगा, किमोच्या पोर्टला तीच वापरतात. तीही मिळाली नाही तर बारीक साधी सुई चालेल. पोर्ट नंतर बदलता येतं.

आणि उलट्या बरेच दिवस चालल्या असतील तर ग्लुकोजची बाटली लावण्याआधी बी-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन मागा. ते शरीरात संपलेलं असताना नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. तोल जाणं, डोळ्यांसमोर दोन-दोन दिसणं, बोलण्यात गोंधळ, यांतलं काही दिसलं तर घरच्यांनी ते डॉक्टरांना लगेच सांगायला हवं. तुमच्या त्या नातेवाइकाला हेही सांगून ठेवा.