चार जॅक आणि दाराची फट

नमस्कार. गाडीमागे ओढून नेतो तो राहण्याचा ट्रेलर मुक्कामी कसा उभा करायचा, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: 'कोपऱ्यातले जॅक टेकवा, पण त्यांनी ट्रेलर उचलू नका' हा माझा सल्ला उगाच घाबरवणारा आहे. (हे जॅक म्हणजे ट्रेलर हलू नये म्हणून चारही कोपऱ्यांत फिरवून खाली सोडायचे पाय.) प्रत्येक जॅकची क्षमता ५००० पौंड, म्हणजे चारांची २०,००० पौंड आणि तुमचा ट्रेलर भरून ६००० पौंडांचा. तुम्ही कित्येक मुक्कामांत चाकं जवळजवळ अधांतरी होईपर्यंत जॅक चढवलेत, काही बिघडलं नाही. उलट माझ्या पद्धतीने उभा केला तर रात्री कोणी कूस बदलली तरी ट्रेलर हलतो.

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. 'पाय जमिनीला टेकला की थांबा' असं मी लेखात लिहिलं होतं, ते अपुरं होतं. नुसत्या टेकलेल्या जॅकवर भारच येत नाही, मग तो हलणं रोखणार कसं? टेकल्यानंतर हाताने आणखी अर्धा ते एक फेरा द्यायचा, हँडलला जडपणा जाणवेपर्यंत. लेखात तशी दुरुस्ती केली आहे.

उचलण्याबद्दल मात्र मी माघार घेणार नाही. तुमच्या २०,००० च्या हिशेबाने जॅक मोडेल की नाही एवढंच कळतं. चॅसीचं, म्हणजे ट्रेलरच्या तळाच्या सांगाड्याचं काय होईल, हे त्यातून कळत नाही. ट्रेलरचा भार आस (चाकं ज्यावर बसतात तो) आणि गाडीला जोडायचा पुढचा दांडा, एवढ्यांनीच पेलायचा असतो. साधारण १० ते १५ टक्के वजन दांड्यावर, बाकीचं सगळं स्प्रिंगच्या पाट्यांमधून आसावर. चॅसीचे दोन लांब गर्डर तोच हिशेब धरून केलेले असतात. तुम्ही टोकांना जॅक लावून चाकांवरचा भार काढलात की मधला आधार जातो, गर्डर मधे खाली वाकू बघतात आणि त्यांच्यावर बांधलेल्या भिंती, खिडक्या, दार, सगळ्यांवर ताण येतो. शिवाय चारही जॅकवर भार सारखा कधीच बसत नाही. चार पायांचं स्टूल ओबडधोबड जमिनीवर ठेवून बघा, खरा भार तिरप्या रेषेत समोरासमोर असलेल्या दोन पायांवर असतो. ट्रेलर डगमगत नाही, पण पिळला जातो.

हे मी स्वतः करून पाहिलं आहे, म्हणून इतकं ठासून सांगतो. एका मुक्कामात मागचा उजवा कोपरा खाली गेला होता. चाकाखाली फळी घालायची सोडून मी तो कोपरा जॅकनेच वर घेतला. लेव्हलचा बुडबुडा बरोबर मधे आला. थोड्या वेळाने दार लागेना. कडी चौकटीवर घासत होती. वरच्या फटीत एका टोकाला करंगळी जात होती, दुसऱ्या टोकाला कागदही सरकत नव्हता. जॅक उतरवला, दार पहिल्यासारखं लागलं. तेव्हापासून जॅक चढवताना मी एका हाताने दार उघडून-मिटून बघतो. ड्रिलने जॅक फिरवत असाल तर हे जास्तच जपा, कारण हाताला लागणारा जडपणा ड्रिलमध्ये कळत नाही.

आणि चाकं अधांतरी झाली की त्यांना लावलेल्या पाचरी निकामी होतात, हा तर सरळ धोका आहे. ट्रेलर पुढे-मागे सरकला तर त्या बारीक पायांवरून घसरून खाली येईल. आत माणसं असतात.

मग हलणं कमी कसं करायचं? क्रम पाळा. ट्रेलर गाडीला जोडलेला असतानाच डावी-उजवी लेव्हल करायची, खालच्या बाजूच्या चाकांखाली फळ्या किंवा रॅम्प घालून. मग दोन्ही बाजूंच्या चाकांना पाचरी. मगच गाडी सोडायची, दांड्यावरच्या पुढच्या जॅकने पुढची-मागची लेव्हल बघायची आणि कोपऱ्यातले जॅक सगळ्यात शेवटी.

तुम्ही ज्या हलण्याबद्दल लिहिलंत ते बहुतेक पुढे-मागेचं असावं. उभ्या जॅकला ते फारसं रोखता येत नाही. तुमचा ट्रेलर दोन आसांचा असेल, तर एका बाजूच्या दोन चाकांच्या मधे पसरून घट्ट बसणारा चोक दोन्हीकडे लावा, फरक लगेच कळेल. संध्याकाळी गारवा आला की टायर किंचित आकसतात आणि हा चोक सैल होतो, म्हणून झोपण्याआधी एकदा आवळा. त्यानेही भागलं नाही, तर जॅकपासून चॅसीपर्यंत जाणारे तिरके दांडे बसवा. त्रिकोण झाला की लचकणं कमी होतं.

जमीन मऊ असेल तर जॅकच्या पायाखाली फळी हवीच. १० सेंटीमीटरच्या चौकोनी पायाखाली ३० सेंटीमीटरची चौकोनी जाड फळी घातली, की तोच भार नऊपट जागेवर पसरतो. पाऊस पडून गेला की दुसऱ्या दिवशी सकाळी चारही पाय हाताने हलवून बघा, एखादा सैल झालेला सापडतोच.

एक विनंती आहे. पुढच्या मुक्कामाला जॅक लावण्याआधी आणि लावल्यानंतर दाराच्या वरची फट दोन्ही टोकांना मोजा. तुमच्या नेहमीच्या पद्धतीने चढवून एकदा, आणि वर सांगितल्याप्रमाणे एकदा. चारही जोड्यांचे आकडे इथेच लिहा. फट दोन्ही वेळा सारखीच निघाली, तर तेही मी लेखात घालीन.