‘पाच फूट जागा वाया घालवली’ या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार भाऊ. तुम्ही दोन तारे दिले आणि लिहिलं की, ‘प्लॉट माझा, पैसा माझा, १५०० फुटाला परवानगी लागत नाही, तरी ठेकेदारानं बाजूला पाच फूट सोडले आणि हद्दीवर किचनची खिडकीही दिली नाही. आमच्या जुन्या वेटाळात भिंतीला भिंत लागून आहे.’ आर्वीकडचे (वर्धा जिल्हा) बरेच लोक हेच विचारतात, म्हणून इथंच सांगतो.

आधी आमची चूक. नकाशात मार्जिन, म्हणजे हद्दीपासून मोकळी सोडायची जागा, दाखवलेलं होतं, पण कागदावरचं दीड मीटर जमिनीवर किती दिसतं हे आधी दोरी लावून दाखवायला पाहिजे होतं. पाया आखायला जमिनीवर पांढरी फक्की टाकली तेव्हा तुम्हाला कळलं, आणि राग येणारच. दुसरं, पहिली फक्की आम्ही तुमचं काट्याचं कुंपण धरून मारली. नंतर मोजणी आली, ‘क’ प्रत (मोजणीचा हद्दी दाखवणारा नकाशा) हाती पडली आणि कुंपण दीड फूट शेजाऱ्याच्या जागेत निघालं. जेसीबीचा एक दिवस फुकट गेला. तो तुमच्या बिलात लावायला नको होता.

आता परवानगीचं. गावात १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवरच्या घराला ग्रामपंचायतीला नकाशासह कळवलं की चालतं, हे खरं. पण सूट अर्जाच्या चकरांची आहे, मार्जिनची नाही. डिसेंबर २०२० पासूनच्या राज्याच्या एकत्रिकृत बांधकाम नियमावलीप्रमाणेच तो नकाशा काढावा लागतो. वेटाळाची गोष्ट वेगळी: गावठाणातली दाट वस्ती किंवा रांगेतली घरं असली की बाजूला न सोडता बांधता येतं. तुमचा प्लॉट लेआउटमधला, घर सुटं.

बरं, नियम बाजूला ठेवा. काळ्या मातीत कॉलमखाली आपण चार फुटांचं फुटिंग, म्हणजे काँक्रीटचा पसरट पाया, टाकतो. कॉलम अगदी हद्दीवर उभा केला तर त्यातलं दोन फूट शेजाऱ्याच्या जमिनीखाली जाते. आमचा मिस्त्री म्हणाला तसं, “पाया त शेजाऱ्याच्या घरात झोपते न भाऊ!” एका बाजूचं फुटिंग करून आतल्या कॉलमला बीमनं बांधता येतं, पण सळाख वाढते आणि खड्डा शेजाऱ्याच्या जुन्या मातीच्या भिंतीलगतच खोदावा लागतो. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटते. ती भिंत बसली असती तर भांडण तुमच्या दारात आलं असतं, आमच्या नाही.

पाण्याचंही तसंच. तिकडचं घर कवेलूचं, त्याची वळचण तुमच्याकडे उतरते. मधे मोकळी जागा नसती तर पावसाळाभर तुमच्या भिंतीला ओल. आणि त्या बाजूला ते दरवर्षी पऱ्हाटीचा (कपाशीच्या वाळल्या काड्यांचा) ढीग लावतात, एप्रिलमधे एक ठिणगी पुरते. तिथंच तुम्हाला किचनची खिडकी पाहिजे होती!

खिडकीबद्दल एक गोष्ट लोकांना माहीत नसते. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानं उजेडावर हक्क बसायला २० वर्षं अडथळ्याविना उजेड मिळालेला असावा लागतो. आज हद्दीवर खिडकी काढली आणि पुढच्या दिवाळीत शेजाऱ्यानं त्याच्या जागेत भिंत चढवली, तर तुम्हाला काही म्हणता येत नाही. त्या पाच फुटांमुळंच किचनला पूर्वेची खिडकी आम्ही काढली आहे, चार बाय साडेतीन. लिंटेलपर्यंत (खिडकीवरच्या काँक्रीटच्या पट्टीपर्यंत) काम आलं आहे, येऊन पाहा.

जेसीबीचं भाडं बिलातून वजा केलं, नवीन बिल काल तुमच्या मोबाइलवर टाकलं आहे. त्या पाच फुटांत बाथरूमचा पाइप आणि धुण्याचा दगड बसतो. दगड कुठं ठेवायचा हे वहिनींना विचारून सांगा, म्हणजे फरशीचा उतार त्या बाजूनं काढता येईल.