फिरायचा हप्ता

मुंबईतल्या नोकरदार घरात फिरायला पैसे नसतात असं अजिबात नाही, पैसे असतात पण फिरायचं ते उरलेल्या पैशातून, आणि उरलेले पैसे ही गोष्ट मी तरी अजून डोळ्यांनी बघितलेली नाही. 1 तारखेला पगार, मग होमलोन, सोसायटीचा मेंटेनन्स, शाळेची फी, क्लासची फी (मग शाळेत शिकवतात काय, हे विचारायचं नसतं), किराणा, लाईट बिल, आणि 20 तारखेला नवरा-बायको एकमेकांना "तुझ्याकडे आहेत का थोडे?" विचारतायत.

म्हणून मी गपचूप माझ्या नावावर वर्षाची आरडी काढली. महिना 3,000, 2 तारखेलाच कट. आधी फिरणं, मग कांदे-बटाटे. हे घरात कळलं मात्र, आणि घरातली प्रत्येक वस्तू त्या पैशांवर टपून बसली. वॉशिंग मशीन इतकी वर्षं मुकाट चाललेलं, ते स्पिनला आलं की सरकत सरकत बाथरूमच्या दारापर्यंत यायला लागलं. मेकॅनिक आला, त्याने मशीन आडवं केलं, आतून एक पिन, एक रुपयाचं नाणं आणि चिरंजीवांचा हरवलेला मोजा काढून ओट्यावर ओळीने मांडला, आणि डॉक्टरसारखा हात पुसत म्हणाला, "बेअरिंग गेलंय ताई, नवीनच घ्या." नवरा अगदी हळू आवाजात, "आरडी मोडूया का?" मी म्हटलं मशीन पण फिरायलाच निघालंय, अडवू नकोस. शेवटी बेअरिंगच बदलून घेतलं. त्या महिन्यात पिझ्झा नाही आणि ओला-उबर पण नाही.

मग नवऱ्याने दुसरी बाजू लढवली. कोल्हापूरला मावसभावाचं लग्न होतं, येताना गाडीत म्हणतो, "झालं की फिरणं!" अहो हॉलमधून बाहेर पडलो नाही, रंकाळा रिक्षातून दिसला तेवढाच, वर आहेर माझ्या पर्समधून गेला.

सासूबाईंचं वेगळंच. "पैसे उडवायला मी येणार नाही, देवाला जायचं असेल तर बघा." हे मात्र मला मनापासून पटलं, कारण आपल्याकडे फिरणं हा खर्च असतो आणि देवदर्शन हा खर्च नसतोच. गणपतीपुळे ठरलं. देवळासमोरच समुद्र आहे, यात माझा काय दोष.

नवऱ्याला मग अचानक एलटीए, म्हणजे ऑफिसचा प्रवासभत्ता, आठवला. ऑफिस देईल म्हणे, टॅक्स पण वाचेल. मी नीट वाचलं तर चार वर्षांच्या ब्लॉकमध्ये दोन प्रवास, तेही भारतातलेच, आणि सूट फक्त तिकिटाला, राहणं-खाणं आपलं आपण. हे पण चाललं असतं, पण साहेबांनी नवी टॅक्स रेजीम घेतलेली आणि तिच्यात ही सूटच नाही. विषय संपला.

ट्रेनचं म्हणाल तर बुकिंग उघडतं 60 दिवस आधी, सकाळी 8 ला. पूर्वी 120 दिवस आधी उघडायचं, नोव्हेंबर 2024 पासून कमी केलं. पण 60 दिवस आधी रजा तर मंजूर पाहिजे ना, आणि नवऱ्याचा साहेब कशालाही "बघू" म्हणतो, तो बघेपर्यंत वेटिंग कुठल्या कुठे गेलेलं.

राहिली एसटी. आणि इथे मला साक्षात्कार झाला. 75 पूर्ण झालेल्यांना 2022 पासून एसटी फुकट, सासूबाई 77. बायकांना 2023 पासून अर्धं तिकीट, ती मी. बारा वर्षांच्या आतलं मूल, ते पण अर्धं. म्हणजे अख्ख्या कुटुंबात फुल्ल तिकीट एकट्या नवऱ्याचं! बोरिवलीला नॅन्सी कॉलनीत गाडीत चढल्यापासून सासूबाई आधार कार्ड हातात धरून बसल्या होत्या, कंडक्टरने बघितलं तरी पुन्हा पुढे केलं, आणि मग शेजारच्या बाईंना ऐकू जाईल असं मुलाला म्हणाल्या, "तुझंच महाग पडलं हो."

रत्नागिरीहून आरे-वारेच्या रस्त्याने गेलो. उजवीकडे डोंगर, डावीकडे समुद्र, आणि नवरा खिडकीला नाक लावून, एक शब्द नाही. पुळ्याला सासूबाईंनी डोंगराची प्रदक्षिणा पूर्ण केली, नंतर वाळूत पाय सोडून दोन प्लेट भजी पण. खर्चाचा विषय कोणी काढला नाही.

घरी येऊन चहा होतोय तोवर त्याच म्हणाल्या, "आता पुढच्या वर्षी कुठला देव?" चिरंजीव मोबाईलमधून डोकं वर न काढता, "आजी, गोव्यात मंगेशी आहे." नवरा एकदम सरसावून बसला. सासूबाईंनी विचारलं, "तिथे माझं फुकट चालतं का?" मी म्हटलं नाही हो आई, महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच. त्यांनी क्षणभर हिशोब केला आणि मुलाकडे वळल्या.

"म्हणजे बांद्यापर्यंत झालं. पुढचं तू काढ."